वजनाच्या ऑपरेशननंतर कोकणातलं ताट: काय ठेवायचं, काय काढायचं?

कुडाळची_लेक

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये माझी स्लीव्हची (जठराचा मोठा भाग काढून टाकतात ती) शस्त्रक्रिया झाली, कोल्हापूरला. तब्येत छान आहे, वजन उतरतंय, साखरेची गोळी बंद झाली. प्रश्न वेगळाच आहे.

हॉस्पिटलातून मिळालेल्या कागदावर लिहिलंय: टोफू, ग्रिल्ड चिकन, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट, क्विनोआ. आमच्या बाजारात बुधवारी टोफू मागितला तर दुकानदार म्हणाला, ताई, ते मोबाईलचं काही असेल तर पुढच्या गल्लीत बघा.

जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुक्यावर निभावलं. ऑगस्ट उजाडला, होड्या गेल्या, आणि लगेच श्रावण. सासरी श्रावण कडक, अंडंसुद्धा घरात येत नाही. त्याला लागून गणपती. म्हणजे विसर्जनापर्यंत मासळी नाही, आणि समोर मोदक, खीर, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, सोलकढी. शिवाय दिवसाला पाच घरी जाणं आणि प्रत्येक घरी 'एवढंसं तरी खा गो'.

ज्यांनी ऑपरेशन करून घेतलंय किंवा अशा माणसाला घरी रांधून घातलंय त्यांनी कृपया लिहा. 'रोज चालायला जा' हे मला माहीत आहे.

देवगडवाली

स्वागत गं. माझं बायपास (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून आतड्याला जोडतात ते) होऊन बरीच वर्षं झाली. त्या कागदाची घडी घालून ठेव, पण त्यातला हेतू फेकू नकोस. हेतू एकच: दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, आणि पोटात जागा आहे वाटीभर. मग पहिला घास कशाचा हे ठरवायचं. आधी मासा (किंवा जे काही प्रथिनाचं असेल ते), मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात. आपल्याकडे उलटं होतं. आधी भाताचा डोंगर, त्याला खड्डा, खड्ड्यात आमटी, आणि मासा शेवटी चाखायला ठेवायचा. हा क्रम फिरवलास की अर्धं काम झालं.

मासळी सुरू झाली की तुझ्यासारखं नशीबवान कोणी नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं, वर चांगली चरबी, आणि मऊ. सुरमई, पापलेट, सौंदाळा सगळं चालतं. ओला बोंबील घशाखाली फार सुरेख उतरतो, पण त्यात पाणीच जास्त. दोन बोंबील खाऊन 'झालं माझं प्रोटीन' म्हणू नकोस.

चिवल्याचा_वारा

ते मोबाईलचं वाचून हसून हसून पुरेवाट. 😂

आजीचो_बटवो

गो बाय, माझ्या सुनेचा ह्याच ऑपरेशन झाला. पयल्यांदा तिका काय घालूचा ता माका कळत नाय होता. मगे मी सौंदाळ्याचे काटे काढून, हळद-मीठ लावन उकडून, बोटांनी कुसकरून दिलंय. वर चमचोभर आमटी. मिरची नाय, तिरफळ एक. ती म्हणता, आई, हॉस्पिटलच्या सुपापेक्षा ह्या बरा. आणि ताट घेवचाच नाय, बशी घेवची. ताटात थोडा दिसला की वाढणाऱ्याचो हात आपोआप येता.

आगरी_ठाणा_नको

बशीला प्रचंड अनुमोदन!

खाडीकाठचा

थोडं वेगळं मत मांडतो. भाताला एवढं व्हिलन करू नका. माझ्या बायकोला स्लीव्ह झाली तेव्हा तिला उकड्या तांदळाच्या पेजेनेच उभं केलं. पेज, मेतकूट, थोडं तूप. आमच्याकडे बाळंतिणीला, आजाऱ्याला, शेतावरून आलेल्याला सगळ्यांना पेज. ती सोडून पावडरी घोळून पिणं मला पटत नाही.

आहारवाली

मी आहारतज्ज्ञ आहे, रत्नागिरीत काम करते. इथे कोणालाही वैयक्तिक सल्ला देत नाही. औषधं आणि प्रमाण आपापल्या टीमला विचारा. काही गोष्टी मात्र सगळ्यांनाच लागू आहेत.

खाडीकाठचा, सुरुवातीच्या पातळ आहाराच्या काळात पेज चुकीची नाही. पण ती सरकन खाली जाते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. अशा पदार्थांची खोड पुढे जाऊन लक्षात येते. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, उरते ती नळी. घट्ट पदार्थ तिथे थांबतो, पोट भरल्याचं कळतं. पेज, बिस्किट-चहा, खारी, चुरमुरे, चिवडा, आइसक्रीम हे थांबतच नाहीत. म्हणून वाटीभर डाळ न संपवू शकणारा माणूस टीव्हीसमोर अख्खं चिवड्याचं पाकीट संपवतो. दीड-दोन वर्षांनी वजन परत चढलेल्यांशी बोलताना मला जेवण क्वचित दोषी सापडतं, मधलं खाणं नेहमी सापडतं.

दुसरं, जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. सोलकढी हेही पाणीच. भातावर ओतून भुरकणं तर नकोच. शिवाय त्यात नारळाचं दूध, म्हणजे चरबी भरपूर आणि प्रथिनं नावाला. दोन जेवणांच्या मध्ये आगळ (कोकमाचा रस) घातलेलं पाणी प्या, किंचित मीठ-जिरं, साखर नाही. बाजारचं कोकम सरबत म्हणजे मात्र साखरेचा पाक. आणि सोडा कुठलाच नको.

खाडीकाठचा

बरं, पेजेवरचा हट्ट सोडतो. पण मेतकुटावर बोलायचं नाही!

आहारवाली

मेतकुटात डाळी आहेत, त्यावर मी कशाला बोलू. दह्यात कालवून खा.

सरळमार्गी

राग मानू नका, पण तोंडावर ताबा ठेवला असता तर हे ऑपरेशनच लागलं नसतं. आमचे आजोबा दोन वेळा भात खायचे आणि शेवटपर्यंत काटक होते.

देवगडवाली

आजोबा नांगर धरायचे. तुम्ही कीबोर्ड धरता.

आहारवाली

सरळमार्गी, काढून टाकलेल्या त्या भागातच घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. ताब्याचा प्रश्न पुष्कळसा रसायनांचा आहे. आणि हा हौसेचा मामला नाही. आशियाई लोकांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आपल्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २७.५ च्या वर शस्त्रक्रियेचा विचार करावा असं म्हटलंय. इतरांसाठी तो आकडा ३५ आहे, मधुमेह असेल तर ३०.

पावसाळी_गुहागर

अवांतर: विमा मिळतो का याला?

चाकरमानी_डोंबिवली

अवांतराला उत्तर: अटी आहेत. साधारणपणे बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, हृदयविकार यांपैकी काही. डॉक्टरांनी लेखी सल्ला द्यावा लागतो. पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ वेगळा. कागद नीट वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कुडाळची_लेक

सगळ्यांचे आभार. बशीचं आजच सुरू केलं. पण मूळ अडचण श्रावणाची आहे हो. घरी मी अंड्याचा विषय काढला तर सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त देव्हाऱ्याकडे बघितलं.

टेंबेवाडी

आमच्याकडे आजारी माणसाला उपास-वार लागू नाहीत असंच आजोबा सांगायचे. औषध म्हणून अंडं खा, वेगळ्या भांड्यात, मागच्या पडवीत. देव एवढा काटेकोर नसतो.

केळशीकर_काकू

मला नाही पटत हे. घराची रीत एका बाईच्या आहारासाठी का मोडायची, जर शाकाहारात सोय होत असेल तर? मी शाकाहारी, बायपास झालेली, आयुष्यात अंडं खाल्लं नाही, आणि माझे रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. कष्ट मात्र जास्त पडतात हे मान्य.

कष्ट म्हणजे हिशेब. कुळथाच्या पिठीचं उदाहरण घ्या. सगळे सांगतात, कुळीथ पौष्टिक, शंभर ग्रॅममध्ये बावीस ग्रॅम प्रथिनं. खरं आहे, पण ते कोरड्या कुळथाचं. माझ्या वाटीत पिठी जाते वीस ग्रॅम, बाकी पाणी. म्हणजे हाती आले चारेक ग्रॅम. डाळ-आमटीचंही तेच, वरचं पाणी वाढून घेतलंत तर काहीच नाही. म्हणून मी घट्ट मुगाची उसळ, पनीर किसून, चक्का (साखर न घालता, मीठ-मिरपूड लावून) आणि दिवसातून एकदा व्हे प्रोटीन असं भागवते. पावडरीच्या एका मापात वीस-पंचवीस ग्रॅम मिळतात. ती ताकात घुसळली तर वासही येत नाही. व्हे दुधाचंच आहे, सासूबाईंना खुशाल सांग. दुधाने पोट बिघडत असेल तर आधी विचारून घे, ऑपरेशननंतर काहींना दूध पचत नाही.

वालाची डाळिंबी सोललेली असते म्हणून चालते. काळा वाटाणा जपून. सालं जाड, नीट शिजले नाहीत तर अडकतात. बोटाने चिरडला गेला तर खा.

टेंबेवाडी

काकू, रीत मोडा म्हणत नाही, वाकवा म्हणतो. पावडरीला पैसे लागतात, आणि गावातल्या मेडिकलमध्ये ती मिळतेच असं नाही. अंडं वाडीत मिळतं. प्रत्येकाला तुमच्यासारखं जमेल असं नाही.

केळशीकर_काकू

पैशांचा मुद्दा मान्य. तरी पडवीत लपून खाल्लेल्या अंड्याने त्या मुलीला घास जायचा नाही.

लाल_माती

दोघांनाही +१ कसं द्यायचं?

तारकर्लीचा_तांडेल

माझा भाऊ. बायपास. आमच्याकडे श्रावण-बिवण नाही, धंदाच मासळीचा. त्याचा अनुभव सांगतो. माकूळ (स्क्विड) जास्त शिजला की रबर होतो, तो अडकला आणि दोन तास छाती धरून बसला. कोलंबी पण तशीच, पाच मिनिटांच्या वर विस्तवावर ठेवू नका. मटणाचा तुकडा नकोच. तिसऱ्या (शिंपल्या) मात्र झकास, डॉक्टरांनीच सांगितलं लोह आणि बी-१२ भरपूर. त्यावर भाऊ म्हणाला मग गोळ्या बंद करू का, तर डॉक्टर असे बघायला लागले की तो गप्प झाला.

आणि होळीला दोन पेग घेतले. पूर्वी अख्खी बाटली पचवणारा माणूस, दुसऱ्या पेगला पालखीच्या पुढे आडवा. दारू सरळ रक्तात जाते म्हणे.

आहारवाली

हो, विशेषतः बायपासनंतर. लवकर चढते, उशिरा उतरते, आणि अन्नाची ओढ दारूकडे वळण्याचा धोकाही असतो. गाडी तर अजिबात चालवायची नाही.

गोळ्यांचं: बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन. आयुष्यभर. वजन उतरलं, बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत. कमतरता कळेपर्यंत वर्षं जातात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीवर चहाही नको. आणि गुडघा दुखला की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आपल्याकडे सवय आहे. बायपासवाल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, जोडाशी अल्सर होतो.

एक महत्त्वाचं. चावून, सावकाश खाऊनही वारंवार उलट्या होत असतील तर 'ऑपरेशन झालंय, होणारच' म्हणून घरी बसू नका. बी-१ कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते. लगेच दाखवा.

वेंगुर्ल्याची_माय

केस गळतात त्याचं काय? माझी बहीण उशीवरचे केस बघून रडते.

देवगडवाली

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकांचे गळतात. वजन झपाट्याने उतरल्याचा धक्का. परत येतात, माझे आले. प्रथिनं आणि लोह तपासून घ्यायला सांगा. हजाराच्या तेलाच्या बाटल्या नकोत.

सोवळं_नी_मोदक

धागा गणपतीवरून तिसऱ्यांवर गेलाय, परत आणतो. मोदक किती चालतील? नुसतं 'नाही' म्हणू नका, आमच्याकडे एकवीसचा नैवेद्य असतो.

देवगडवाली

बायपासवाल्याने सांभाळून. मी एका गौरीला आग्रहाला बळी पडून तूप सोडलेले दोन मोदक खाल्ले. वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, अंग गळून गेलं. गूळ आतड्यात एकदम उतरला की असं होतं, त्याला डम्पिंग म्हणतात. काहींना ते एक-दोन तासांनीही होतं, साखर एकदम खाली जाते, हात थरथरतात. तेव्हापासून यजमानीणबाई मला न विचारता ताक आणून देतात.

आहारवाली

स्लीव्हमध्ये डम्पिंग कमी होतं, पण म्हणूनच फसगत जास्त: त्रास होत नाही, म्हणून एकाचे तीन होतात. शिवाय उकडीची पारी चिकट. नीट न चावता गिळली तर गोळा बसतो. जेवणाच्या शेवटी, उसळ-पनीर झाल्यावर, अर्धा मोदक चावून चावून खाल्ला तर माझी हरकत नाही. रिकाम्या पोटी, दर्शनाला गेल्या गेल्या, मुळीच नाही.

केळशीकर_काकू

मी एकही खात नाही. अर्ध्याने माझं भागत नाही हे मला माहीत आहे. ज्याचं त्याने ओळखावं.

सोवळं_नी_मोदक

म्हणजे नैवेद्याचे साडेवीस आम्हालाच. सोसू!

आजीचो_बटवो

आग्रहाचा सांगतंय. जेवणाक बसूचाच नाय, वाढूक उभा रवायचा. वाढप्याक कोण 'खा' म्हणत नाय. आणि कोण म्हणालाच तर 'माझा मागाहून' म्हणून फुडे जावचा. माझी सून तशीच करता. गावात तिचा नाव झाला, काय कामाची पोर गो!

कुडाळची_लेक

आजी, तुमचे पाय कुठे आहेत?

ठरलं ते सांगते. सासूबाईंशी काल नीट बोलले, कागद घेऊन. त्यांना वाटत होतं की ऑपरेशन म्हणजे कमी खायचं, झालं. साठ ग्रॅम म्हणजे किती हे काकूंसारखं वाट्यांत मांडून दाखवलं तेव्हा त्याच म्हणाल्या, एवढं श्रावणात कुठून आणणार तू? अंड्याला अजून नाही, पण पावडर आणि पनीर कुडाळहून मुलगा आणेल, आणि माझं चूल-पान वेगळं, दर तीन तासांनी, कोणी टोकायचं नाही. गौरीला आमच्याकडे वडे-सागोतीचा नैवेद्य असतो. त्यात कोंबडीचा मऊ तुकडा मला आधी, असं त्यांनीच ठरवलंय. वडा नाही.

टेंबेवाडी

देव वाकला की!

चाकरमानी_डोंबिवली

धागा वर काढतोय, मे महिना आलाय म्हणून. यंदा माझी स्वतःची स्लीव्ह झाली. गावी आलोय, पडवीत आढी लागलीय, वासाने झोप येत नाही. हापूस?

आहारवाली

शंभर ग्रॅम गरात साधारण चौदा ग्रॅम साखर. आमरस नको, तो पेजेचा भाऊ, सरकन जातो आणि वाटीत दोन-तीन आंबे कधी बसले कळत नाही. फोडी कापा, जेवणानंतर दोन-तीन, चावून. मधुमेह असेल तर तपासून बघा आधी-नंतर. कच्च्या कैरीचं पन्हं गुळाशिवाय कोणी करत नाही, तेव्हा तेही सोडा.

चाकरमानी_डोंबिवली

आंबापोळी?

देवगडवाली

आटवलेला आंबा म्हणजे आटवलेली साखर. नको.

चाकरमानी_डोंबिवली

फणस?

केळशीकर_काकू

बरका जपून, त्याचे दोर पोटात गुंता करतात. काप्याचा एखादा गरा, बारीक चावून. आठळ्या उकडून एक-दोन. ओल्या काजूची उसळ तेवढी अर्धी वाटी खा, पण त्यातलं खोबरं कमी करायला सांग. नारळाचा चोथा नीट चावला जात नाही, आणि तुमच्या घरी तो मुठीने घालतात हे मला माहीत आहे.

चाकरमानी_डोंबिवली

काकू, आमच्या घरी तो वाटीने मोजतात. मोठ्या वाटीने. आज संध्याकाळी बांगडे आलेत, हळद-मीठ लावून तव्यावर ठेवतोय, आधी ते. आंब्याच्या फोडींचं नंतर बघू.